यादीतलं वय

विधानसभेची निवडणूक आमच्याकडे बहुतेक वेळा पावसाळा सरल्यावर येते, आणि नोव्हेंबर हा आमच्या चर्चमध्ये मृतांच्या स्मरणाचा महिना. त्यामुळे माझ्या लहानपणी दर पाच वर्षांनी असे काही आठवडे यायचे की पडवीतल्या टेबलावर दोन याद्या शेजारी शेजारी पडलेल्या असत. एक आमच्या केंद्राची मतदार यादी. दुसरी, ज्या मेलेल्यांसाठी महिनाभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, व्हायची त्यांच्या नावांची वही. दोन्ही पप्पांकडे असत. पहिली, कारण ते जन्मभर एका सतत हरणाऱ्या उमेदवाराचे मतदान प्रतिनिधी होते. केंद्रात बसून समोर येणारा माणूस खरा की खोटा हे ओळखायचं त्यांचं काम. दुसरी, कारण गावात त्यांच्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं. एकदा आईने काळ्या चहाचा कप ठेवला आणि दोन्ही याद्यांवर डाग पडला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. ती पानं अजून माझ्याकडे आहेत. शेजारी ठेवली की डाग पुरा गोल होतो.

मतदानाआधीचे तीन रविवार मिस्सा आटोपली की आमच्या पडवीत यादीवाचन व्हायचं. हे कुठल्या कायद्यात नव्हतं, पप्पांनीच पाडलेली पद्धत. वाडीतली म्हातारी माणसं बाकावर, पायऱ्यांवर, पालथ्या घातलेल्या टोपल्यांवर बसत. पप्पा घर क्रमांक, नाव, वय असं वाचत जायचे आणि जमलेले उत्तर द्यायचे. आहे. आहे. लग्न होऊन विरारकडे गेली. आहे. गेला. या शेवटच्या शब्दावर पप्पांची पेन्सिल थांबायची. सगळे गप्प व्हायचे, कोणीतरी छातीवर क्रुसाची खूण करायचं, आणि मग त्या नावावर बारीक रेघ उमटायची. ती गप्प घटका मला लख्ख आठवते. मागच्या अंगणात आई राजेळी केळी सुकेळ्यांसाठी उन्हात पालटत असायची, तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा यायचा, आणि केळीची पानं वाऱ्याने एकमेकांवर घासायची. रेघ मारलेलं नाव पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या वहीत, पप्पांच्याच अक्षरात पाहायची. पाच-सहा वर्षांची असताना माझी पक्की समजूत होती की माणसं आपोआप मरत नाहीत. पप्पा त्यांना एका वहीतून दुसऱ्या वहीत नेतात.

आम्ही हे सगळं आमच्या घरच्या बोलीत बोलायचो. ती बोली मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला ती अडेल, आणि कागदावर उतरवली की मलाही ती दुसऱ्याच कोणाची वाटते.

मला अक्षरं वाचता यायला लागली ती पत्रकांवरून. माणिकपूरच्या एका छापखान्यातून, पप्पा ज्या उमेदवारासाठी बसायचे त्याच्या समितीची पत्रकं यायची: पाणी कोणी नेलं, जमीन कोणी विकली, विहिरी खाऱ्या का झाल्या. उरलेल्या गठ्ठ्यांनी आमची फडताळं मढवलेली असत आणि सुकेळीसुद्धा त्यांतच बांधली जात. सुकेळं सोडताना कागदाला चिकटलेला गोड रस बोटाने पुसत मी वाचायची, "नागरिकांनो, जागे व्हा." इतर मुलींनी गोष्टींची पुस्तकं वाचली असतील. मी पत्रकं वाचली, आणि त्यांतला शब्दन् शब्द खरा मानला.

आमच्या मतदारसंघाचा इतिहास म्हणजे कोण निवडून आलं, असं लोक समजतात. पप्पांच्या लेखी तो इतिहास पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता. प्रत्येक निवडणुकीत त्यांनी केंद्रात बसून खुणा केलेली यादी त्या ट्रंकेत जायची. कोण मत द्यायला आलं, कोण सकाळी, कोण जेवून, कोण आलंच नाही. सगळ्यांत खालच्या याद्या हाताने लिहिलेल्या, मग टंकलेल्या, मग छापील, मग फोटोवाल्या. एका यादीनंतर मतदारसंघाची नवी आखणी झाली आणि बांधापलीकडची मावशी एकदम दुसऱ्या आमदाराची झाली. जिंकलेल्यांची नावं पप्पांना कधीकधी आठवायची नाहीत. पण अमुक निवडणुकीत बाळंतीण होऊन सहा दिवस झालेली कोण बाई डोक्याला फडकं बांधून आली होती, हे पप्पा तारखेशिवाय सांगायचे.

त्या ट्रंकेतल्या प्रत्येक यादीत, अगदी तळाच्यासुद्धा, पहिली खूण एकाच नावावर होती. पास्कोल दुमिंग परेरा. आमच्या शेजारचा पास्कू-आजा. देशातल्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, तेव्हापासून तो आमच्या केंद्रात पहिला मतदार. उजाडायच्या आत शाळेच्या दाराशी येऊन उभा राहायचा, डोक्यावर रविवारची हॅट, हातात पप्पांनी यादीतला नंबर लिहून दिलेली चिठ्ठी.

आमच्यात थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. पास्कूचा मुलगा दुमिंग, दुमिंगचा मुलगा पुन्हा पास्कू. म्हणजे आजोबा आणि नातू दोघेही पास्कोल दुमिंग परेरा. नाव, बापाचं नाव, आडनाव, घर क्रमांक, सगळं एकच. यादीत दोघे खाली-वर यायचे आणि वाचनात पप्पा म्हणायचे, "पास्कू थोरला, पास्कू धाकला." दुमिंग लवकर गेला. मग त्या घरात आजा, धाकला पास्कू आणि त्याची आई मार्था काकू एवढेच उरले. धाकला माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. कामणच्या एका गोदामात नोकरी करायचा. मला सायकल त्याने शिकवली आणि माझ्या पत्रकांच्या वेडाला हसायचाही तोच. "रेजू, तुझ्या लग्नात जेवण नसणार. पत्रकं वाटतील." एके दिवशी पहाटे पाळी संपवून मोटारसायकलवरून येताना कामणच्या रस्त्यावर त्याला ट्रेलरने उडवलं. मी तेव्हा अठराची होते. त्याच्या थडग्यावरच्या क्रुसावर नाव लिहिलं ते पप्पांनीच, पांढऱ्यावर काळं: पास्कोल दुमिंग परेरा. आजा क्रुसासमोर उभा राहून ते बराच वेळ वाचत होता.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. यादीवाचनाला पप्पा त्या घरापाशी आले, "पास्कोल दुमिंग परेरा, वय चौऱ्याऐंशी" म्हणाले, आजा पायरीवरून म्हणाला, "आहे." खालचं नाव पप्पांनी वाचलंच नाही. ओळ सोडून ते पुढच्या घरावर गेले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला आवडलं नाही.

पप्पांनी ती ओळ का सोडली ते मला नंतर कळलं. वाचनाच्या आदल्या दिवशी मार्था काकू आमच्या स्वयंपाकघरात आली होती. आई सुकटीची चटणी परतत होती, त्या धुरात ती पप्पांना म्हणाली, "इनासभाऊ, रेशनकार्डातून काढला त्याला. बँकेतून काढला. गॅसच्या पुस्तकातून काढला. सगळीकडे मीच सही केली. एका ठिकाणी राहू दे त्याला." पप्पा हो म्हणाले. ज्यांनी "मयतांची नावे वगळा, मताची चोरी थांबवा" हे पत्रक वीस वेळा छापलं, ते हो म्हणाले.

एकोणिसाव्या वर्षी माणूस किती निर्दय असतो हे मी आता लिहू शकते, कारण ती निर्दय मुलगी अजून माझ्यात आहे आणि मला ती पूर्ण चुकीची वाटत नाही. जेवताना मी पप्पांना विचारलं, "शेजाऱ्याचा मुलगा असला की नियम वेगळा?" त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "रेजू, सगळं तुझ्या पत्रकात मावत नाही," एवढंच म्हणाले. मी त्याच आठवड्यात माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, "मेलेल्यांच्या नावाला हात लावाल तर". आणि कोणाला न सांगता नाव वगळण्याचा अर्ज भरला. घर क्रमांक, नाव, अनुक्रमांक. अनुक्रमांक मी ट्रंकेतल्या सगळ्यांत वरच्या यादीतून घेतला. थोरला दोनशे अकरा, धाकला दोनशे बारा. मी दोनशे बारा लिहिलं आणि अर्ज कचेरीत देऊन आले.

मतदानाच्या आदल्या दिवशी पुरवणी यादी आली. तिच्यात वगळलेल्यांचे फक्त क्रमांक आणि नावं होती. दोनशे बारा, पास्कोल दुमिंग परेरा, मयत. पप्पांना ताप होता, म्हणून या खेपेला केंद्रात मी बसणार होते. मी ती ओळ पाहिली, घडी घातली आणि पप्पांना दाखवली नाही. मला समाधान वाटलं होतं.

आमचं केंद्र म्हणजे शाळेतला तिसरीचा वर्ग. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, खडूचा वास, आणि आमच्यासाठी मुलांचे बुटके बाक. माझ्या शेजारी समोरच्या पक्षाचे प्रतिनिधी जनू भोईर बसले होते, मिठागराकडच्या पाड्यातले. पप्पांशी पाच निवडणुका भांडलेले आणि पाचही वेळा त्यांच्या डब्यातलं ऑम्लेट-पाव खाल्लेले. सात वाजले. दार उघडलं. पास्कू-आजा हॅट काढून आत आला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. बाहेरगावाहून आलेल्या मतदान अधिकाऱ्याने मोठ्याने वाचलं, "दोनशे बारा," आणि थांबला. "हे नाव वगळलंय. मयत."

जनूभाऊ हसले. "सायेब, नीट बगा. मयत चालत आलाय तुमच्यासमोर."

"मी काय करू? इथे छापलंय."

आजाला कमी ऐकू यायचं. त्याने आमच्याकडे वळून विचारलं, "कोण मेलं?"

तेवढ्यात मला समजलं. यादीत परेरांच्या आधी येणाऱ्या घरात त्या वर्षी सून आली होती. तिचं नाव यादीत घातलं आणि तिच्याखालची सगळी नावं एकेक अंकाने सरकली. नव्या यादीत दोनशे बारा म्हणजे आजा. कचेरीतल्या माणसासमोर एकाच नावाचे दोघे आले असतील, एक चौऱ्याऐंशीचा, एक सत्तावीसचा. त्याला शंका का यावी? वर्गात पंखा नव्हता, तरी तक्त्याचा खालचा कोपरा हळूहळू वर उचलला जात होता आणि खाली येत होता.

"थांबा," अधिकारी म्हणाला. "खाली बघा, दोनशे तेरा. हेच नाव, हेच घर. हेच असणार. वय तेवढं चुकलंय, सत्तावीस छापलंय." आजाचं ओळखपत्र इतकं झिजलं होतं की त्यावरचा नंबर वाचता येत नव्हता. यादीतला फोटो टिकलीएवढा आणि काळपट. अधिकाऱ्याने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आजाकडे. "चेहरा जुळतो," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. तेच कपाळ, तेच जरा पुढे आलेले कान.

मग त्याने आमच्याकडे पाहिलं. "कोणाची हरकत?"

हरकत घ्यायची तर प्रतिनिधीने दोन रुपये जमा करायचे असतात. माझ्या पेन्सिलीच्या डबीत पप्पांनी दोनचं नाणं ठेवलेलं होतं. ते दर निवडणुकीला तसं ठेवायचे. जनूभाऊ माझ्याकडे झुकले. "बोल ना पोरी. मेल्याच्या नावाला हात लावाल तर, असं कोन लिवलंय? मी वाचलंय तुजं पत्रक." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आपला खिसा चाचपला. "माज्याकडं तर सुटे नाय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

अधिकाऱ्याने यादी आजासमोर सरकवली. "आजोबा, तुमचं नाव?"

"पास्कोल दुमिंग परेरा."

"वय?"

आजाने यादी उचलून डोळ्यांजवळ नेली. त्याचा अंगठा त्या फोटोच्या कडेवर होता. मग त्याने यादी खाली ठेवली आणि रोजच्या आवाजात सांगितलं.

"सत्तावीस."

कोणी हसलं नाही. मी म्हणायला हवं होतं: हा माणूस जिवंत आहे, त्याला त्याच्याच नावावर मत द्यायचा हक्क आहे, चूक माझी आहे. किंवा म्हणायला हवं होतं: दोनशे तेरा मेलेला आहे, माझी हरकत. दोन्ही खरं होतं. दोन्हींतलं काहीही म्हटलं की आजा मत न देता हॅट घालून परत गेला असता, जन्मात पहिल्यांदा. मी डबीचं झाकण लावलं. त्याच्या बोटाला शाई लागली, तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला आणि खूप वेळाने यंत्राची लांब शिट्टी वाजली. माझ्या यादीत मी दोनशे तेरावर खूण केली. ती यादी ट्रंकेत आहे. पहिली खूण तीच.

मी घरी आल्यावर पप्पांनी जुनी आणि नवी, दोन्ही याद्या अंथरुणातच मागून घेतल्या आणि बोट ठेवून पाहिलं. "नंबर जुन्या यादीतला घेतलास," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताप उतरल्यावर ते मला घेऊन शेजारी गेले, आजाचं नाव पुन्हा घालायचा अर्ज हातात. मी सगळं सांगितलं. मार्था काकू आतून एक बंद पाकीट घेऊन आली. कचेरीची नोटीस महिन्यापूर्वीच आली होती: नाव वगळत आहोत, म्हणणं असेल तर कळवा. वर पास्कोल दुमिंग परेरा लिहिलेलं. ती ते उघडणार कशाला? पास्कूच्या नावाने आलेला प्रत्येक कागद ती त्याच्या खणात ठेवायची. तिला वाटलं, त्यालाच पत्र आलंय.

पप्पांनी आजासमोर अर्ज धरला. त्याने पेन घेतलं नाही.

"राहू दे, इनास."

"आजा, तुमचं मत जाईल."

"मी गेलोय. यादीत आहे ना?" तो हसत होता. इतक्या दिवसांत त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. "तो गेला त्या दिवसापासून मी देवाला एकच सांगत होतो. चूक झाली तुझी, मला ने, त्याला ठेव. तिथे कोणी ऐकलं नाही. कचेरीने ऐकलं."

"कचेरीने नाही, आजा," मी म्हणाले. "मी चुकीचा नंबर—"

"ज्याने कोणी ऐकलं असेल, त्याचं भलं होवो," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जड लागतो.

मृतांच्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे सिमेतरीत गेलो. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, झेंडूची फुलं, वितळणाऱ्या मेणाचा आणि ओल्या मातीचा वास. आजा त्याच्या नातवाच्या क्रुसासमोर उभा होता, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावासमोर. आदल्या वर्षी तो तिथे रडला होता. या वर्षी त्याने मेणबत्ती लावली, क्रुसावरची धूळ रुमालाने पुसली, एक पाऊल मागे सरून सगळं ठीक लागलंय ना ते पाहिलं आणि मार्था काकूला म्हणाला, "आता बरोबर आहे." काकूने त्याचा दंड धरला. परतताना तो तरुण माणसासारखा चालत होता. माझ्या आईने त्या चालण्याकडे पाहिलं आणि क्रुसाची खूण केली.

नाताळाआधी तो झोपेतच गेला. मतदार यादीतून त्याला काढायची गरज नव्हती. पप्पांनी दुसरी वही उघडली, तिथेही ते नाव आधीपासून होतं. "मार्था, पुन्हा लिहू?" त्यांनी विचारलं. "नको. एकदाच असू दे," ती म्हणाली. तेव्हापासून नोव्हेंबरात चर्चमध्ये ते नाव एकदाच वाचलं जातं.

आणि मतदार यादीत धाकला राहिला. मी नंतर पुष्कळ पत्रकं लिहिली, पाण्यावर, डोंगर फोडणाऱ्यांवर, लिहितेच आहे. मेलेल्या मतदारांवर पुन्हा एक ओळ लिहिली नाही. पप्पा गेल्यावर त्यांचं नाव मी स्वतः एका वहीतून काढून दुसरीत लिहिलं, नंबर चार वेळा तपासून. पण पास्कूचा अर्ज मला भरता येईना. दर निवडणुकीला प्रतिनिधी म्हणून त्याच वर्गात बसले आणि दर वेळी त्याचं नाव शोधलं. नंबर बदलायचा. फोटो तोच. आणि वय वाढायचं. बत्तीस. सदतीस. क्रुसावर तो सव्विसाव्या वर्षी थांबला होता, इथे त्याला संगणक दर वर्षी एकेक वर्ष चढवत होता. मतदान संपताना न आलेल्यांच्या नावाभोवती मी गोल करते. त्याच्याभोवतीचा गोल करताना पेन्सिल हलकी धरायची, एवढंच मी त्याच्यासाठी करत होते.

गेल्या निवडणुकीला आमची यादी चौपट जाड झाली होती. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहती पाहून आम्ही एके काळी नाकं मुरडली, त्यांची धाकटी भावंडं आता आमच्याच बांधावर उभी आहेत. यादीवाचन केव्हाच बंद पडलं. पडवीत बसून "आहे" म्हणणारे सगळे दुसऱ्या वहीत गेलेत. जनूभाऊही गेले. त्यांच्या जागी बसलेला तरुण फोनमध्ये बघत होता आणि येणारा एकही चेहरा ना त्याला ठाऊक होता ना मला. दुपारचे दोन वाजले असतील. रांग आटली होती. तक्ता बदललाय, पण भिंत तीच. अधिकाऱ्याने चिठ्ठी घेतली आणि वाचलं, "परेरा पास्कोल दुमिंग."

माझी पेन्सिल त्या नावावर गेली आणि तिथेच राहिली. समोर चाळिशीचा माणूस उभा होता. किंचित सुटलेला, शर्टाच्या खिशात गॉगल, हातात चिठ्ठी आणि कसल्याशा ओळखपत्राची झेरॉक्स.

"वय?"

"बेचाळीस."

तो अडखळला नाही. मी यादीत पाहिलं. बेचाळीस. मी वर पाहिलं आणि खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हे नव्हतं की हा तोतया आहे. मी त्याचे कान बघत होते. कपाळ बघत होते. हा माणूस खरोखर असता तर आता असाच असता, असा हिशेब माझं मन माझ्या परवानगीशिवाय करत होतं. पंधरा वर्षांपूर्वी मी गप्प बसले म्हणून हे दार उघडं राहिलं होतं, आणि आज त्यातून कोणीतरी आत आलं होतं. अधिकाऱ्याने शाईची बाटली उचलली. मी डबी उघडली. नाणं तेच होतं.

"माझी हरकत आहे."

शेजारचा तरुण फोनमधून वर आला. "जाऊ द्या ना ताई. एका मताने काय होतंय?"

केंद्राध्यक्ष उठून आले. "हे पास्कोल परेरा नाहीत? मग पास्कोल परेरा कुठे आहेत?"

"मेला."

"कधी?"

"मी अठराची असताना."

"मग नाव अजून यादीत कसं?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले.

तो माणूस माझ्याकडे पाहत होता, रागाने नाही, जरा कुतूहलाने. "चिठ्ठी चुकीची दिली वाटतं बाहेर," तो म्हणाला. "बदलून आणतो." केंद्राध्यक्षांनी हवालदाराला हाक मारेपर्यंत तो व्हरांडा उतरला होता. तो परत आला नाही. चिठ्ठी टेबलावर राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज घेऊन मार्था काकूकडे गेले. ती आता सत्तरीला टेकली आहे. तव्यावर तांदळाची भाकरी होती. मी उभ्यानेच सांगितलं: काल एक माणूस पास्कूच्या नावावर मत द्यायला आला होता, मी हरकत घेतली, आता नाव काढायलाच हवं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि अर्ज खिडकीच्या उजेडात धरला.

"या वेळी नंबर बरोबर घेतलास?"

"तीनदा तपासला."

तिने सही केली. सावकाश, सगळी अक्षरं पुरी. कागद माझ्या हातात दिला, तव्याकडे वळली आणि पाठमोरीच राहून विचारलं, "दिसायला कसा होता?"

"बरा होता," मी म्हणाले.

"जाडा झाला होता?"

"थोडा."

ती भाकरीची कडा बोटांनी दाबत होती. वाफ वर येत होती, आणि बाहेर पास्कूच्या बंद मोटारसायकलीवर वर्षानुवर्षं घातलेलं प्लास्टिक वाऱ्याने सळसळत होतं.

"किती वाजता आला होता?"

"दोनच्या सुमाराला, काकू."

"मग," ती म्हणाली, "जेवून आला असेल ना?"